एसओपी आणि पर्सनल स्टेटमेंट: एकच विषय, दोन कागद

अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पदव्युत्तर अर्जात दोन फाइल्स मागतात: स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे एसओपी, आणि पर्सनल हिस्ट्री स्टेटमेंट, म्हणजेच पर्सनल स्टेटमेंट. मिशिगनच्या पीएचडीलाही दोन. नागपूरहून अर्ज भरणारी बरीच मुलं एसओपी लिहून काढतात आणि तेच परिच्छेद वरखाली करून दुसरी फाइल उभी करतात. वाचणाऱ्यापुढे दोन्ही एकाच अर्जातून येतात, त्यामुळे ही चलाखी पहिल्या पानावरच उघडी पडते.

एसओपीत सांगायचं ते एवढंच: पुढे कशावर काम करणार, ते जमेल कशावरून, आणि याच विभागात का. पर्सनल स्टेटमेंटमध्ये इथवर कसे पोहोचलात, वाटेत काय आडवं आलं आणि त्यातून काय शिकून येताय.

समजा, केमिकलच्या एका विद्यार्थिनीने पाण्यातलं फ्लोराइड काढण्यावर प्रोजेक्ट केलं. यवतमाळ-चंद्रपूरकडे हा जुना त्रास, आणि तुरटी-चुन्याने फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धतही नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची. म्हणजे विषय घरचाच. एसओपीत ती लिहील: ‘सामू (pH) 8 च्या वर गेला की अ‍ॅल्युमिनावर फ्लोराइड कमी बसत होतं, कारण हायड्रॉक्साइड आयन त्याच जागा अडवतात. आमचे नमुने मुळातच अल्कधर्मी होते. आम्ल न घालता चालेल असं शोषक मला शोधायचं आहे.’ प्रयोग, अडचण, कारण, पुढचा प्रश्न, सगळं आलं. आजीचं गाव इथे नको.

ते पर्सनल स्टेटमेंटमध्ये: ‘आजीच्या गावी पिऊ नये म्हणून लाल रंग मारलेल्या हातपंपावरच बाया पाणी भरायच्या, कारण दुसरा पंप दीड किलोमीटरवर. वर्षभरापूर्वी बसवलेलं फिल्टर बंद होतं. त्यातला माल बदलायचा कोणी, हे ठरलंच नव्हतं.’ इथे सामूचा आकडा नको. फक्त गावाचं दुःख सांगून थांबलात तर मात्र तो निबंध होतो. त्या बंद फिल्टरने तुमची कामाची पद्धत कशी बदलली, ते यायलाच हवं.

शब्दमर्यादा फॉर्मवर असेल ती पाळा. एसओपीला 900 शब्द मिळाले तर आमची वाटणी अशी: सुरुवात 100, केलेलं काम 450, पुढचा बेत 200, विभाग 150. ‘लहानपणापासूनच मला विज्ञानाची आवड’ हे वाक्य त्या शंभरातले शब्द फुकट खातं. विभागाच्या परिच्छेदात विद्यापीठाचं नाव बदलून पाहा. तरीही परिच्छेद चालत असेल तर तो पुन्हा लिहा. दोन-तीन प्राध्यापक, आणि प्रत्येकाच्या कोणत्या कामाशी तुमचा प्रश्न जुळतो, एवढं तरी हवंच.

खरा घोळ ब्रिटनच्या अर्जात होतो. तिथे मास्टर्सला बहुतेक ठिकाणी ‘पर्सनल स्टेटमेंट’ म्हणतात, पण मागतात जवळपास एसओपीच. त्यात इंटरनेटवर सापडणारे ‘4,000 कॅरेक्टर्स’वाले नमुने यूकास या ब्रिटनच्या प्रवेशसंस्थेचे, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेशाचे, 2026 च्या प्रवेशापासून तर तिथेही तीन वेगळे प्रश्न आले आहेत. तेव्हा शीर्षक सोडा आणि खालची सूचना वाचा. ‘संशोधनाची दिशा’, ‘या कोर्सची निवड का’ असं असेल तर ती एसओपी, नाव काहीही असो.

एटीकेटीचं काय, हे हमखास विचारलं जातं. एसओपीत तिला जागा नाही, पर्सनल स्टेटमेंटमध्ये किंवा फॉर्मवर ‘अतिरिक्त माहिती’चा रकाना असेल तर तिथे दोन ओळी पुरतात: ‘तिसऱ्या सेमिस्टरला दोन विषय राहिले, त्याच महिन्यात वडिलांचं ऑपरेशन होतं. दोन्ही चौथ्या सेमिस्टरला सुटले आणि त्यानंतर एकही विषय राहिला नाही.’ तिसरी ओळ लिहिलीत की सफाई वाटायला लागते.