टोपलीतला मटार गोड का?

आमच्या गल्लीतल्या काही घरांनी वडगाव शिवारातल्या एका शेतकऱ्याशी बोली केली आहे. हंगामाचे पैसे आधी द्यायचे आणि दर आठवड्याला शेतात जे निघेल त्याचा वाटा घरी यायचा. कधी मेथी आणि लाल भाजी, कधी नुसता नवलकोल. अवकाळी पावसानं पीक झोपलं तर तोटाही सगळ्यांचा. जपानात १९७०च्या दशकात आणि अमेरिकेत १९८६ पासून अशी भागीदारी चालत आली आहे, तेव्हा पद्धत काही नवी नाही. परवा भाताच्या कापणीनंतर ओलीवर आलेला मटार टोपलीत पहिल्यांदा आला आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल लागला: देशी गाईचं शेण घातलंय, म्हणून इतका गोड!

शेणखतानं जमिनीचं भलं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण हा गोडवा खताचा कमी आणि घड्याळाचा जास्त आहे.

तोडलेली शेंग मेलेली नसते. तिचं श्वसन चालूच असतं, म्हणजे साखर जाळून ऊर्जा, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर पडत असते. गच्च भरलेल्या मटाराच्या पोत्यात मधोमध हात घालून बघा, आत कोमट लागतं. वेलीवर असताना पानांतली साखर रसवाहिन्यांतून दाण्याला मिळत होती. आता पुरवठा बंद आणि खर्च तेवढाच.

दुसरी गळती याहून मजेशीर आहे. दाणा आपल्या उसळीसाठी तयार होत नाही, पुढच्या रोपाची शिदोरी म्हणून तयार होतो. साखर पाण्यात विरघळते आणि परासरणानं आणखी पाणी ओढून घेते, म्हणून ती साठवायला गैरसोयीची. स्टार्च तसं करत नाही. त्यामुळे दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, साखरेचे रेणू एकमेकांना जोडत स्टार्चच्या लांब साखळ्या करत राहतात. शेंग तोडली तरी हे काम थांबत नाही. तिसऱ्या दिवशीचा मटार पिठूळ लागतो तो यामुळेच.

आता शाळेतला मेंडेल आठवा. त्याच्या प्रयोगात दुसऱ्या पिढीत ५४७४ दाणे गोल आणि १८५० सुरकुतलेले निघाले. तीनास एक हे गुणोत्तर आपण पाठ केलं, पण दाणा सुरकुततो का, हे कुणी सांगितलं नाही. त्याचं उत्तर १९९० साली इंग्लंडमध्ये नॉर्विच इथं मदन भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारं एक विकर असतं. सुरकुतलेल्या वाणात त्याच्या जनुकातच सुमारे ८०० अक्षरांचा एक उपरा डीएनए तुकडा घुसलेला असतो, आणि ते विकर निकामी होतं. फांद्या नाहीत म्हणजे साखळी वाढवायला टोकं कमी, म्हणजे स्टार्च कमी, म्हणजे सुक्रोज शिल्लक. शिल्लक साखर पाणी ओढते, दाणा फुगतो; वाळताना तेच पाणी गेलं की साल ढिली पडून सुरकुत्या येतात. म्हणून भाजीच्या मटाराचं पेरणीचं बी बहुतेक सुरकुतलेलं असतं आणि किराणा दुकानातला उसळीचा वाटाणा गुळगुळीत. बी-बियाण्याच्या दुकानात दोन्ही तळहातावर घेऊन बघा, मेंडेलचा अख्खा धडा हातात येतो.

अर्थात गोड वाणाचीही साखर उडतेच. तिचा वेग तापमान ठरवतं. तापमान १० अंशांनी उतरलं की श्वसन साधारण निम्म्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येतं. २५ अंशांच्या स्वयंपाकघरातून ५ अंशांच्या फ्रीजमध्ये शेंगा गेल्या, तर वेग चौथ्या ते नवव्या हिश्श्यावर. आमचा शेतकरी दव असतानाच तोडणी करतो. दुपारी तोडलेली शेंग उन्हाची ऊब घेऊनच टोपलीत येते.

याच न्यायानं, ‘फ्रोझन म्हणजे तामसी, मेलेलं अन्न’ हे फॉरवर्ड कचऱ्यात टाका. तोडल्यावर काही तासांत गरम पाण्यातून काढून गोठवलेल्या मटाराची विकरं तिथंच बंद पडतात. मंडईत तीन दिवस उन्हात पडलेल्या ‘ताज्या’ मटारापेक्षा तो गोड निघू शकतो, आणि त्यात क जीवनसत्त्वही जास्त टिकलेलं असू शकतं.

आणि ताजं ते सगळंच गोड, असंही नाही. बेळगावच्या पश्चिमेकडची रताळी घ्या. काढल्यावर काही आठवडे ठेवली की त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होत जाते, मटाराच्या बरोबर उलट. त्यामुळे टोपली आली की मटार आणि मक्याची कणसं त्याच रात्री संपवा, मेथी दुसऱ्या दिवशी. नवलकोलाचा पाला लगेच कापून वेगळा ठेवा, नाहीतर तो गड्ड्यातलं पाणी ओढून उडवत राहतो. रताळ्यांची घाई नको. फक्त ती फ्रीजमध्ये घालू नका. थंडीनं आतून कडक होतात आणि मग कितीही शिजवली तरी मऊ पडत नाहीत.