मंदी आणि मनोविकारांवरील औषधे

अर्थव्यवस्था आक्रसते, नोकऱ्या जातात, कर्जाचे हप्ते थकतात, अशा काळात नैराश्य, चिंता आणि निद्रानाश यांवरील औषधांचा वापर कसा बदलतो, हा सार्वजनिक आरोग्य व अर्थशास्त्र या दोहोंच्या सीमेवरचा अभ्यासविषय आहे. मंदी आली की गोळ्यांचा खप वाढतो ही रूढ समजूत. ती अर्धीच खरी आहे.

ही औषधे नव्हती तेव्हाची स्थिती ऑस्ट्रियातील मारिएनथाल गावात दिसते. तेथील कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. समाजाचे अभ्यासक मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे मुक्काम ठोकून पाहणी केली. लोकांच्या हाती वेळच वेळ होता, तरी ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव जवळपास निम्म्यावर आली होती. रस्त्याने जाणारे पुरुष पुनःपुन्हा थांबत, रेंगाळत. घरकाम न सुटलेल्या स्त्रिया भरभर चालत. अशा पुरुषाला आज दवाखान्यात नेले तर बहुधा नैराश्याचे निदान होईल आणि गोळी मिळेल. तेव्हा तशी गोळीच नव्हती. चिंताशामक मेप्रोबामेट १९५५ मध्ये बाजारात आले, इमिप्रामीनचा नैराश्यावरील उपयोग त्याच दशकाच्या उत्तरार्धात कळला आणि नैराश्यावरील फ्लुऑक्सेटीनला अमेरिकेत डिसेंबर १९८७ मध्ये मंजुरी मिळाली.

वापर मोजायचा कसा, इथेच पहिली गोम आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मोजल्या तर फसगत होऊ शकते : दोन महिन्यांऐवजी एकेका महिन्याची चिठ्ठी देऊ लागले की रुग्ण तेवढेच राहून चिठ्ठ्या दुप्पट होतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाणित दैनिक मात्रा, म्हणजे प्रौढाची रोजची गृहीत सरासरी मात्रा, वापरतात (फ्लुऑक्सेटीनसाठी २० मिलिग्रॅम, चिंताशामक डायझेपामसाठी १० मिलिग्रॅम) आणि दर हजार लोकांमागे रोज किती मात्रा खपल्या ते काढतात.

इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरील नैराश्याच्या औषधांच्या नोंदी २००८ मध्ये सुमारे ३.६ कोटी होत्या, त्या २०१८ मध्ये सुमारे ७.१ कोटी झाल्या. हे सगळे २००८ च्या जागतिक मंदीच्या माथी मारणे सोपे आहे. पण ब्रिटनमधील बेरोजगारी २०११ च्या अखेरीस साडेआठ टक्क्यांच्या आसपास पोचून २०१८ मध्ये चार टक्क्यांवर उतरली होती. बेकारी ओसरली, गोळ्यांचा आलेख मात्र चढतच राहिला. एकदा सुरू झालेले औषध वर्षानुवर्षे चालू राहणे हे याचे मोठे कारण, आणि ही प्रवृत्ती २००८ च्या आधीपासूनची आहे. पेटंट संपल्याने स्वस्त झालेल्या गोळ्या आणि समुपदेशनासाठीची लांबलचक प्रतीक्षायादी यांचाही हातभार लागतो. शिवाय कार्यकारणाची दिशा उलटीही असू शकते, कारण आजारी माणसाची नोकरी अनेकदा आधी जाते.

बेरोजगारीशी आत्महत्यांचा संबंध अधिक ठळक आहे. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक डेव्हिड स्टकलर व सहकाऱ्यांनी युरोपातील आकडेवारीवरून २००९ मध्ये दाखवले, की बेरोजगारीतील एक टक्का वाढीमागे ६५ वर्षांखालील लोकांतील आत्महत्या सुमारे ०.८ टक्क्याने वाढतात. बेकारांना पुन्हा कामाला लावण्यासाठी सरकार जिथे जास्त खर्च करते, तिथे हा परिणाम कमी असतो. फिनलंडचे उदाहरण तर बुचकळ्यात टाकणारे : १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील बेरोजगारी सुमारे तीन टक्क्यांवरून सोळा टक्क्यांवर गेली, तरी आत्महत्यांचे प्रमाण घटत गेले.

खप वाढतो त्याच मंदीत काहींचे औषध तुटतेही. नोकरीबरोबर आरोग्यविमा जातो, मग गोळ्यांचे पाकीट पुरवून पुरवून वापरले जाते : आज अर्धी गोळी, उद्या खाडा. नैराश्यावरील काही औषधे अशी अचानक कमी केली की चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटते. डायझेपामसारखे औषध दीर्घकाळ घेऊन एकदम थांबवल्यास फेफरेही येऊ शकते. द्विध्रुवी विकारावरील लिथियम घेणाऱ्याला रक्ततपासणी चुकवून चालत नाही, आणि पैशांची ओढाताण असली की तपासणीच आधी पुढे ढकलली जाते. विक्रीच्या आकड्यांत ही माणसे फक्त घट म्हणून उमटतात.