पेम्फिगस व्हल्गॅरिस

त्वचेवर व तोंडाच्या आतल्या अस्तरावर फोड आणणारा दुर्मीळ स्वयंप्रतिकार विकार. त्वचेच्या वरच्या थरातील पेशी एकमेकींना धरून राहतात त्या डेस्मोग्लीन १ व ३ या प्रथिनांमुळे. या रोगात शरीराचीच प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी प्रथिने, अँटीबॉडीज) त्यांच्यावर उलटतात, पेशी सुट्या होतात आणि मधल्या फटीत पाणी भरते. हा रोग संसर्गजन्य नाही.

सुरुवात बहुधा तोंडातून होते आणि निदान लांबते ते इथेच. ‘तोंड आलंय, उष्णता वाढली’ म्हणून बी-कॉम्प्लेक्स आणि गुलकंद यांवर महिनेच्या महिने जातात. तिखट सोडाच, कोमट वरणही झोंबू लागते. पुढे अंगावर ढिले, पातळ सालीचे फोड उठतात आणि लगेच फुटतात. घरात ‘नागीण’ म्हटले जाते, पण नागीण सहसा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने येते. फोडाशेजारची धड दिसणारी त्वचा बोटाने रेटली तरी सोलून येते. हे निकोल्स्की चिन्ह. ते इतर काही आजारांतही दिसते, त्यामुळे त्यावर निदान ठरत नाही.

निदानासाठी त्वचेचे दोन तुकडे घेतात. पहिला ताज्या, छोट्या फोडाचा. तो फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावणात जातो. दुसरा फोडालगतच्या त्वचेचा, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे प्रतिपिंडे चमकवून दाखवणाऱ्या चाचणीसाठी. तो मिशेल द्रावणात ठेवावा लागतो, चुकून फॉर्मॅलिनमध्ये पडला तर वाया गेला. चाचणीत पेशींभोवती प्रतिपिंडांची जाळी चमकताना दिसते. दिसायला जवळचा असलेला पेम्फिगॉइड हा रोग त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लिव्हर यांनी १९५३ मध्ये वेगळा काढला. त्याचे फोड ताठ असतात, थर खोलचा असतो आणि रुग्ण बहुधा वयस्कर.

१९५० च्या दशकात स्टिरॉइड येईपर्यंत बहुतेक रुग्ण दगावत. दीर्घकाळच्या स्टिरॉइडचे दुष्परिणाम टाळण्यासाठी दिल्लीच्या एम्समध्ये त्वचारोगतज्ज्ञ जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात पल्स उपचार रूढ केला: दर २८ दिवसांनी सलग तीन दिवस डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचे १०० मिलिग्रॅम सलाइनमधून, त्यांतल्या एका दिवशी प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोफॉस्फामाइडही. या दुसऱ्या औषधाने वंध्यत्व येऊ शकते, म्हणून मूल हवे असलेल्यांना ते टाळतात. जखमा चादरीला चिकटू नयेत म्हणून भारतातील वॉर्डांत केळीचे पान अंथरतात. स्वस्त आणि खरोखर उपयोगी. मृत्यूचे मोठे कारण आजही जंतुसंसर्ग हेच आहे.

रिटुक्सिमॅब या औषधाला अमेरिकेत या रोगासाठी २०१८ मध्ये मान्यता मिळाली. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींच्या फळीवरच ते घाव घालते; मात्र देण्याआधी हिपॅटायटिस बी तपासावाच लागतो, कारण दबलेला विषाणू उसळू शकतो.