ध्रुवीय भौगोलिक विदासंरचना

ध्रुवीय भौगोलिक विदासंरचना : आर्क्टिक व अंटार्क्टिक प्रदेशांतील संशोधनाला लागणारे नकाशे, किनाररेषा, उंची-खोलीच्या मोजण्या, उपग्रहचित्रे आणि स्थलनामे अनेक देशांनी मिळून एका चौकटीत ठेवण्याची व सर्वांना वापरू देण्याची व्यवस्था. विदा म्हणजे डेटा. या क्षेत्रातले लोक तिला नुसतेच ‘एसडीआय’ (स्पेशियल डेटा इन्फ्रास्ट्रक्चर) म्हणतात. सर्व्हर आणि संकेतस्थळे हा तिचा दिसणारा भाग. अवघड काम आहे ते एकमत घडवण्याचे : नकाशाचे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची रीत, कोणते, उंची कशापासून मोजायची, एका बेटाची पाच नावे असतील तर संगणकाने ते ओळखायचे कसे आणि मोजणी कोणत्या दिवशीची हे कुठे लिहायचे.

अंटार्क्टिकाचे क्षेत्रफळ सुमारे १.४ कोटी चौ. किमी. आहे. तिथे ना तलाठी, ना भूमी अभिलेख कार्यालय. सात देशांनी खंडाच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर हक्क सांगितले आहेत. पण १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी सही केलेल्या अंटार्क्टिक कराराने ते दावे जिथल्या तिथे गोठवले. त्यामुळे अख्ख्या खंडाचा अधिकृत नकाशा काढण्याची जबाबदारी कोणत्याच एका सरकारी खात्याची नाही. याच कराराच्या तिसऱ्या कलमानुसार वैज्ञानिक निरीक्षणे व निष्कर्ष यांची देवाणघेवाण करायची आणि ते सर्वांना मुक्तपणे उपलब्ध करून द्यायचे असते. कलम छापायला सोपे होते. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक मोहीम आपापल्या पद्धतीने मोजत राहिली, आणि तो पसारा एकत्र आणायला पुढची तीस-पस्तीस वर्षे गेली.

ते काम मुख्यतः ‘स्कार’ने, म्हणजे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या अंटार्क्टिक संशोधनविषयक आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समितीने अंगावर घेतले. निरनिराळ्या देशांचे, निरनिराळ्या प्रमाणांचे कागदी नकाशे संगणकावर उतरवून तयार केलेला ‘अंटार्क्टिक डिजिटल डेटाबेस’ १९९३ मध्ये सीडीवर निघाला. आज तो ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे ही संस्था सांभाळते. एका प्रमाणाच्या नकाशावरची किनाररेषा शेजारच्या नकाशाच्या कडेला जुळत नाही, हे दुखणे त्या काळात रोजचे होते. उपग्रहचित्रांनी ते बरेच कमी केले. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या हजाराहून अधिक चित्रांतून जोडलेले खंडाचे ‘लिमा’ हे चित्र २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पण लँडसॅटची कक्षा त्याला सुमारे ८२.५ अंशांच्या पलीकडे पाहू देत नाही. म्हणून ध्रुवाभोवतीचा गोल तुकडा दुसऱ्या, कमी बारकाव्याच्या उपग्रहचित्रांनी भरावा लागला. गोधडीला मधोमध लावलेले ठिगळच ते.

या साऱ्या खटाटोपातला सर्वांत चमत्कारिक भाग म्हणजे इथली जमीन जागेवर राहत नाही. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकी तळाखालचा बर्फ वर्षाला सुमारे दहा मीटर सरकतो. भौगोलिक ध्रुवाची खूण त्यामुळे दर १ जानेवारीला नव्या जागी रोवतात. दहा वर्षांपूर्वी तिथे बर्फात ठोकलेली काठी आज शंभर मीटर पुढे गेलेली असते. जुन्या वहीतले अक्षांश-रेखांश घेऊन ती शोधायला गेलेल्याला तिथे नुसता बर्फ मिळेल, आणि त्यात वहीची काहीच चूक नसेल. पश्चिम अंटार्क्टिकातील पाइन आयलंड हिमनदी तर वर्षाला चार किलोमीटरच्या आसपास धावते. भारताचा पहिला तळ ‘दक्षिण गंगोत्री’ १९८३-८४ मध्ये समुद्रावर तरंगणाऱ्या हिमफलकावर बांधला होता. तो हळूहळू बर्फाखाली गाडला गेला आणि सोडून द्यावा लागला. म्हणून ध्रुवीय विदेत प्रत्येक बिंदूसोबत तारीख नोंदलेली हवी. ती नसेल तर तो बिंदू अर्धामुर्धाच समजायचा. किनाऱ्याचेही तसेच. जुलै २०१७ मध्ये अंटार्क्टिकातील लार्सन-सी हिमफलकापासून ए-६८ हा सुमारे ५,८०० चौ. किमी.चा हिमनग सुटला आणि जगभरच्या नकाशांतली ती किनाररेषा एका फटक्यात जुनी झाली. म्हणूनच डेटाबेसमधली किनाररेषा पुन्हा पुन्हा काढावी लागते आणि जुनी फेकूनही देता येत नाही, कारण बदल मोजायचा तो तिच्याशीच ताडून.

नेहमीचे नकाशे ध्रुवांवर निरुपयोगी ठरतात. मोबाईलवर आपण जो मर्केटर धाटणीचा नकाशा पाहतो तो ८५ अंशांच्या थोडे पुढे जाऊन कापलेला असतो. त्यात अंटार्क्टिका तळाशी पांढऱ्या झालरीसारखा पसरतो आणि ध्रुव तर नकाशात नसतोच. ध्रुवीय काम ध्रुव मधोमध धरणाऱ्या त्रिविम (स्टिरिओग्राफिक) प्रक्षेपणावर चालते. अंटार्क्टिकासाठी ७१ अंश दक्षिण हे प्रमाण अक्षवृत्त धरलेले, ‘ईपीएसजी ३०३१’ या क्रमांकाने ओळखले जाणारे प्रक्षेपण सर्वत्र रूढ आहे. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १११ किमी., तर भारताच्या ‘मैत्री’ तळाजवळ तेच अंतर जेमतेम ३७ किमी. भरते आणि ध्रुवावर शून्य होते. यातून एक साधी वाटणारी पण छळणारी अडचण येते. बहुतेक विदासूची ‘या चौकोनातली माहिती दाखवा’ असे विचारतात, आणि ध्रुवाभोवतीचा गोल प्रदेश अक्षांश-रेखांशांच्या चौकोनात मावत नाही. तो कोंबला की शोध साऱ्या ३६० अंशांत पसरतो आणि नको त्या शेकडो नोंदी पुढ्यात येतात.

उंचीचा घोळ याहून महाग पडतो. मिनेसोटा विद्यापीठातील ध्रुवीय भूमाहिती केंद्राने इतरांसह उपग्रहचित्रांच्या जोड्यांतून, महासंगणकाच्या मदतीने, आर्क्टिकसाठी ‘आर्क्टिकडेम’ आणि अंटार्क्टिकासाठी ‘रेमा’ (२०१८) ही उंचीची प्रतिमाने बनवली. त्यांतला बारकावा दोन मीटरपर्यंत जातो. रेमातली उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली आहे. उलट बर्फाखालच्या खडकाची उंची देणारे ‘बेडमॅप-२’ (२०१३) सरासरी समुद्रपातळीशी जुळणारे पृष्ठ धरते. या दोन पृष्ठांत कुठे कुठे दहा-वीस मीटर आणि त्याहूनही जास्त फरक पडतो. तरंगणाऱ्या हिमफलकाचा साधारण नवमांश भागच पाण्यावर दिसतो आणि जाडीचा अंदाज त्यावरूनच बांधतात, म्हणजे वरची एक मीटरची चूक जाडीत आठ-नऊ मीटरची होते. उंची कशापासून मोजली ही एक ओळ सोबतच्या माहितीपत्रात नसेल, तर लाखो आकड्यांची ती फाईल धोकादायक ठरते.

आर्क्टिकचे गणित वेगळे. तिथे मधोमध महासागर आणि भोवती आठ देश : कॅनडा, डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे, रशिया, स्वीडन आणि अमेरिका. प्रत्येकाचे स्वतःचे सर्वेक्षण खाते आहे. या खात्यांनी मिळून उभारलेल्या ‘आर्क्टिक एसडीआय’मध्ये विदा एका जागी गोळा करत नाहीत. ज्याची त्याच्याकडे राहते, तिथेच अद्ययावत होते, आणि ठरलेल्या खुल्या मानकांमुळे सर्वांचे नकाशे एका पडद्यावर एकावर एक बसतात. वापरणाऱ्याला खिडकी एकच दिसते. ही रचना शहाणपणाची आहे, पण ती सगळ्यांच्या मर्जीवर टिकते. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर मार्च २०२२ मध्ये याच आठ देशांच्या आर्क्टिक परिषदेतील उरलेल्या सात देशांनी परिषदेतले काम थांबवले. आर्क्टिक किनाऱ्याचा निम्म्याच्या आसपास भाग रशियाचा आहे, हे लक्षात घेतले की त्या फटीचा आकार कळतो.

आर्क्टिकमध्ये माणसेही राहतात. इन्युइट शिकाऱ्याला समुद्रावरच्या बर्फाचे जे बारकावे ठाऊक असतात ते उपग्रहाला दिसत नाहीत. कुठला बर्फ स्लेज पेलेल आणि कुठला दगा देईल, हे तोच सांगू शकतो. कॅनडातील ‘सिकू’ या ॲपवर असे लोक आपली निरीक्षणे स्वतःच्या शब्दांत नोंदवतात आणि ती कोणाला दाखवायची हेही तेच ठरवतात. सगळी विदा खुली असावी, हे अंटार्क्टिकात सरळ चालणारे तत्त्व इथे जपून वापरावे लागते. सीलच्या शिकारीच्या जागा किंवा पूर्वजांची थडगी जगजाहीर करायची की नाही, हा निर्णय संशोधकाचा नाही.

भारताच्या बाजूने हे काम गोव्यातून चालते. वास्को द गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात (स्थापना १९९८) राष्ट्रीय ध्रुवीय विदा केंद्र आहे. मैत्री, अंटार्क्टिकातल्याच लार्समन टेकड्यांतील ‘भारती’ (२०१२) आणि आर्क्टिकमधील नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचा ‘हिमाद्री’ (२००८) या भारतीय तळांवरच्या मोजण्या तिथे जमा होतात. लार्समन टेकड्यांत चीन, रशिया आणि ऑस्ट्रेलिया हे शेजारी आहेत आणि २००७ पासून तो प्रदेश विशेष व्यवस्थापनाखाली आहे. वाहने कुठून न्यायची, कोणते तळे टाळायचे, हे ठरवायला साऱ्यांपुढे एकच नकाशा असावा लागतो. तळांवरचे इंटरनेट बेभरवशाचे. त्यामुळे नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने बनवलेला ‘क्वांटार्क्टिका’ हा मोफत संच अनेकांना सोयीचा पडला. एकदा उतरवून घेतला की तो बर्फावरच्या तंबूतही जोडणीशिवाय चालतो.

राहता राहिली नावे, आणि तिथे भावना गुंतलेल्या असतात. दक्षिण शेटलंड द्वीपसमूहातले किंग जॉर्ज बेट रशियनांसाठी वॉटर्लू, अर्जेंटिनासाठी ‘२५ मे’चे बेट, तर चिलीसाठी रेय होर्हे. स्कारने १९९२ पासून जमवलेल्या संयुक्त नामसूचीत कोणाचेही नाव खोडत नाहीत. प्रत्येक डोंगराला, तळ्याला एक क्रमांक देतात आणि साऱ्या देशांची नावे त्याखाली लावतात. परिणामी सूचीत नावे जितकी, त्यांच्या जवळपास निम्मीच ठिकाणे. आपल्याकडचे उदाहरण मैत्रीच्या अंगणातले. तळाला पाणी पुरवणाऱ्या तळ्याला भारतीय ‘प्रियदर्शिनी’ म्हणतात, पण शोधनिबंधांत तेच तळे ‘झुब’ म्हणूनही येते. एकाने प्रियदर्शिनीच्या नावाने पाण्याचे नमुने नोंदवले, दुसऱ्याने झुबच्या. आणि दोन्ही नावे एका क्रमांकाला बांधलेली नसतील, तर तिसऱ्या शोधणाऱ्याला तळ्याचा निम्माच इतिहास सापडतो.