जपानी लष्करी तलवारीचे गोंडे

जपानी लष्करी तलवारीच्या मुठीला बांधलेली विणीची पट्टी आणि तिच्या टोकांचे झुबके यांना मिळून गोंडा म्हणतात. पट्टी मनगटात अडकवली की तलवार हातातून निसटत नाही, हा मूळ उपयोग. पुढे गोंड्याचा रंग हुद्द्याची खूण ठरला आणि आज संग्राहक त्याच्या मागे लागतात ते या खुणेसाठीच.

सर्वाधिक मागणी १९३४ ते १९४५ या काळातल्या गोंड्यांना आहे. १९३४ साली भूदलाने पाश्चात्त्य धाटणीची तलवार सोडून ताची या जुन्या सामुराई तलवारीच्या घडणीची शिन-गुन्तो (नवी लष्करी तलवार) स्वीकारली. तिच्या मुठीच्या टोपीला सरुते नावाची कडी असते. गोंडा तिच्यातून ओवतात. जनरल दर्जाच्या अधिकाऱ्यांचा गोंडा तपकिरी, लाल आणि सोनेरी. मेजर ते कर्नल यांचा तपकिरी-लाल. कॅप्टन, लेफ्टनंट आणि वॉरंट अधिकाऱ्यांचा तपकिरी-निळा. सार्जंट वगैरेंचा नुसता तपकिरी. १९३७ च्या काई-गुन्तो या नौदली तलवारीचा गोंडाही तपकिरीच असल्याने नवखे लोक या दोघांत हमखास गल्लत करतात. कॅप्टनच्या गोंड्यात निळा रंग पट्टीच्या आतल्या बाजूला असतो, म्हणून एकाच बाजूचा फोटो पाहून हुद्दा ठरवू नये. जुना निळा करडा किंवा हिरवटही दिसतो.

अधिकारी आपली तलवार स्वतःच्या पैशाने घेत, बरेचदा काइकोशा या अधिकारी संघटनेच्या दुकानातून. त्यामुळे रंगछटेत आणि विणीत थोडा फरक असणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून गोंडा खोटा म्हणता येत नाही. बढती मिळाली की गोंडा बदलायचा, तलवार तीच. म्हणजे गोंडा फार तर मालकाचा शेवटचा हुद्दा सांगतो.

खरी अडचण अशी की गोंडा सोडवून दुसरा बांधायला दोन मिनिटे लागतात. सैन्यात जनरल मोजके आणि लेफ्टनंट ढीगभर, तरी बाजारात जनरलचे गोंडे सहज मिळतात, यातच सगळे आले! गोंडा त्याच तलवारीचा आहे का, हे झिजेवरून पाहावे. उघड्या बाजूचा रंग उडालेला आणि गाठीच्या आतला भाग गडद, हे चांगले लक्षण. सगळीकडे सारखा फिका रंग असेल तर चहात किंवा ब्लीचमध्ये बुडवल्याची शंका घ्यावी. कडी तांब्या-पितळेची असेल आणि पट्टीवर नेमक्या तिथे हिरवा डाग असेल, तर दोन्ही बराच काळ एकत्र होते. धातूची कडी जिथे घासते तिथली वीण झिजलेली असायला हवी.

अतिनील दिव्याखाली आधुनिक धागा बहुधा निळसर पांढरा चमकतो, कारण त्यात उजळपणाची रसायने असतात. पण अस्सल गोंडा कोणी धुलाईच्या पावडरीत धुतला असेल तर तोही चमकेल, आणि साधे नवे सूत मुळीच चमकणार नाही. झुबक्यातला आधीच सुटलेला एखादा धागा जाळून पाहता येतो: नायलॉन वितळून कडक मणी होतो, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, सुताला आणि रेयॉनला जळक्या कागदाचा. या काळाच्या उत्तरार्धात रेशमाऐवजी सूत आणि रेयॉनही वापरात होते, म्हणून केवळ रेशीम नाही एवढ्यावरून गोंडा बाद करू नये.

मूळची गाठ सोडू नये. कुजलेले रेशीम घडीवरच तुटते आणि गाठ पुन्हा तशीच बसत नाही. गोंडा धुवायचा नाही. निळा रंग सुटून तपकिरीत उतरतो. मुठीला पितळेचे पॉलिश लावायचे असेल तर आधी गोंड्यावर कागद गुंडाळावा, कारण वाळलेले पांढरे पॉलिश विणीतून निघत नाही. प्रकाशापासून दूर, आम्लरहित कागदात ठेवावा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी धरते.

१९४५ मध्ये जपानी अधिकाऱ्यांनी मलाया आणि ब्रह्मदेशात भारतीय तुकड्यांपुढेही शस्त्रे ठेवली. अशा शरणागतीतून आलेली, नंतर कोणी हात न लावलेली तलवार मिळाली, तर तिचा फाटका लेफ्टनंटी गोंडाही बाजारातल्या कोऱ्या जनरली गोंड्यापेक्षा मोलाचा.