व्यवसाय करापासून फळबागेपर्यंत: ग्रामीण अनुदानांची पार्श्वभूमी

मुंबईत महिना 10 हजारांहून जास्त पगार घेणाऱ्या पुरुष नोकरदाराचे दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाला 2,500 रुपये व्यवसाय करापोटी कापले जातात. स्त्रियांसाठी ही पगारमर्यादा 25 हजार आहे. बहुतेकांना ती पगारपत्रकातली आणखी एक कपात वाटते. पण 1975 साली हा कर बसवला गेला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरात कमावणाऱ्याने खेड्यातल्या कामाचा खर्च उचलावा, हे तत्त्व महाराष्ट्राने कायद्यात लिहिले, आणि ही या राज्याची खरोखर मोठी गोष्ट आहे.

योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. 1965 मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव भागात प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली आणि 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. व्यवसाय करासोबत मोटार वाहनांवरचा कर, बागायती जमिनीवरची विशेष आकारणी आणि शहरांतल्या बिगरनिवासी जागांवरचा कर हेही या निधीत येत, आणि जेवढी रक्कम जमा होईल तेवढीच भर राज्य सरकारने घालायची, असे ठरले होते. मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम द्यायचे, नाही तर बेकारी भत्ता. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते ही त्या काळातली कामे. 2005 चा केंद्राचा रोजगार हमी कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

ही झाली मजुरी. स्वतःचा धंदा उभा करण्यासाठीच्या अनुदानाचा इतिहास मात्र वेगळा आणि बराच खडतर आहे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम 2 ऑक्टोबर 1980 पासून देशातल्या सर्व विकास गटांत, म्हणजे तालुक्यांच्या पातळीवर, सुरू झाला. त्यात लहान शेतकऱ्याला किमतीच्या 25 टक्के, सीमांत शेतकरी व शेतमजुराला 33⅓ टक्के आणि पुढे अनुसूचित जाती-जमातींना 50 टक्के अनुदान. उरलेले बँकेचे कर्ज. गोम इथेच होती: खरेदी झाली की अनुदान सुटायचे. त्यामुळे अधिकाऱ्यांचे लक्ष उद्दिष्टावर आणि लाभार्थ्याचे अनुदानावर. एकच म्हैस दोन-तीन नावांवर दाखवली जाई, भाकड जनावर दुभत्याच्या भावाने गळ्यात मारले जाई. जिथे व्यवहार सरळ झाला तिथेही एकुलती म्हैस आटली की दुधाचा पैसा थांबे, हप्ता मात्र चालूच राही. वैरण आणि पशुवैद्याची सोय नसलेल्या गावात हे कर्ज थकणारच होते. त्याचा दोष माणसांच्या दानतीवर टाकला गेला, तो अन्यायच होता.

1 एप्रिल 1999 ला आलेल्या स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेने दोन बदल केले. एकट्या माणसाऐवजी बचत गटाला प्राधान्य मिळाले आणि अनुदान कर्जफेडीच्या शेवटी वळते होऊ लागले. 2011 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आले. राज्यात ते ‘उमेद’ म्हणून ओळखले जाते. इथे भर फिरत्या निधीवर आहे, म्हणजे गटाने आपसांत कर्जाऊ देत फिरवायच्या पैशावर; पहिली काही वर्षे गटाला 10 ते 15 हजार रुपये मिळत. तो मिळवायचा तर नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री पाळावी लागते. नेहमीची चूक म्हणजे निधी येताच तो दहा जणींत सारखा वाटून टाकणे. मग तो फिरत नाही आणि मोठी गरज असलेलीला उपयोगी पडेल एवढी रक्कम कुणाच्याच हाती राहत नाही.

अनुदान कामाच्या टिकण्याशी बांधण्याचे सर्वात चांगले उदाहरण आमच्या मते फळबाग लागवडीचे. 1990 मध्ये ती रोजगार हमीशी जोडली गेली. 2018 पासूनच्या भाऊसाहेब फुंडकर योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असे मिळते; दुसऱ्या वर्षी 80 आणि तिसऱ्या वर्षी 90 टक्के झाडे जिवंत हवीत. हापूसची कलमे 10 बाय 10 मीटरवर लावली तर हेक्टरी 100 बसतात, म्हणजे पाहणीच्या वेळी आधी 80, मग 90 कलमे उभी दिसली पाहिजेत. पहिल्या उन्हाळ्यातच बरीच कलमे जातात: कातळावर पाणी पुरत नाही, मोकाट गुरे शेंडे खातात, गवताचा वणवा पसरतो. त्यामुळे पावसाळा लागताच नांग्या भरणे, म्हणजे मेलेल्या कलमांच्या जागी नवी लावणे, आणि डिसेंबरच्या आत झाडाभोवतीचे गवत काढणे, यावर पुढचा हप्ता ठरतो.

आज अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर होतो, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. कृषी यंत्रांच्या बाबतीत पूर्वसंमतीपत्राच्या आधीच्या तारखेचे बिल असेल तर अर्ज बाद होतो. दुकानदाराच्या भरवशावर घाई करणारे इथेच फसतात.

या पद्धतीने गळती कमी झाली, पण एक नवी अडचण उभी केली, जिच्याकडे मंत्रालयात पुरेसे पाहिले गेलेले नाही. आधी खर्च स्वतः करायचा आणि अनुदान मागाहून घ्यायचे, तर हातात रोकड हवी. कुंपण तर फळबाग योजनेतही शेतकऱ्याच्याच खर्चाने करायचे असते. ज्याच्याकडे ती रोकड नाही, तो एक तर अर्जच करत नाही, नाही तर वाशीच्या बाजारातल्या दलालाकडून उचल घेतो. मग मोहोर येण्याआधीच त्याचा आंबा त्या दलालाच्या गाळ्याला बांधला जातो आणि भाव ठरवताना त्याला दुसऱ्या गाळ्यावर जाता येत नाही.