विद्यार्थ्याला वाटतं ते आणि विद्यार्थी करतो ते: लेखाशास्त्रातली सॉफ्ट स्किल्स मोजताना

विद्यापीठात जाण्याआधी लेखाशास्त्र शिकणाऱ्या मुलांची सॉफ्ट स्किल्स तपासायची म्हटलं की बहुतेकदा प्रश्नावलीच पुढे येते. ‘मी गटात सहज मिसळतो’, ‘मला मुद्दा नीट मांडता येतो’ अशी विधानं आणि त्यांपुढे १ ते ५ पैकी एक आकडा. मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडलेली ही श्रेणी मुळात माणसाचा कल मोजण्यासाठी होती. तिची सरासरी ४ आली म्हणून ‘विद्यार्थ्यांचं संवादकौशल्य उत्तम’ असं लिहिणं मला चुकीचंच वाटतं. ते उत्तम आहे असं मुलांना वाटतं, एवढंच त्यातून कळतं.

प्रत्यक्ष निरीक्षण ही वेगळी गोष्ट. चौघांच्या गटाला न जुळणारी तेरीज द्या, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांची अशी यादी, जिच्या दोन बाजूंच्या बेरजा सारख्या येत नाहीत, आणि बाजूला बसून बघा. समजा फरक ९० चा आहे. त्याला ९ ने भाग जातो, म्हणजे कदाचित आकडे उलटसुलट झाले असतील, ५४० चे ४५० लिहिले गेले असतील, हे एकीच्या लक्षात येतं. खरं मूल्यमापन इथून पुढे. ती बाकीच्यांना समजावते, की वही ओढून एकटीच शोधत बसते? ज्याच्या खतावणीत, म्हणजे खात्यांतल्या नोंदींत, चूक सापडते, त्याच्याशी गट कसा बोलतो? ज्याला काहीच उमगलं नाही, तो तसं विचारतो का? यातलं काहीच प्रश्नावलीत दिसत नाही.

अर्थात निरीक्षकही फसतो. घडाघडा बोलणारा गुण घेऊन जातो आणि अबोल, पण नेमकं बोलणारी मागे राहते. म्हणून कोणत्या वागण्याला किती गुण हे आधी लिहून ठेवावं आणि दोघा शिक्षकांनी एकमेकांना न विचारता गुण द्यावेत.

आंतरराष्ट्रीय लेखापाल महासंघाच्या शिक्षणविषयक तिसऱ्या मानकात बौद्धिक, आंतरवैयक्तिक व संवादाची, वैयक्तिक आणि संघटनात्मक अशी चार प्रकारची कौशल्यं आहेत. त्यांतल्या वैयक्तिक कौशल्यांचा बराच भाग, उदाहरणार्थ शिकत राहण्याची इच्छा, बाहेरून दिसतच नाही. तिथे मुलांनाच विचारावं लागतं. मात्र सत्राच्या शेवटी एखाद्याने स्वतःला आधीपेक्षा कमी आकडा दिला, तर त्याला अधोगती म्हणू नका. चांगलं काम कशाला म्हणतात हे त्याला आता जास्त कळत असेल.